मालकासारखं

डॉक्टर श्यामसुंदर दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि सोमवारी सकाळी दवाखान्यात पांढरा फळा आला. शिबिर एका मोठ्या हॉटेलात होतं, फी भरपूर होती, आणि पुण्यातल्या माणसाने एवढी फी भरली की ती वसूल केल्याशिवाय तो राहत नाही. कोणाकडून वसूल करायची, एवढाच प्रश्न उरतो.

नारायण पेठेतला हा दातांचा दवाखाना त्यांच्या वडिलांनी, श्रीनिवास डॉक्टरांनी थाटलेला. पहिला मजला, दोन खुर्च्या, बाहेर लाकडी बाकं आणि मागे एक अरुंद खोली. त्या खोलीत उपकरणं उकळायची, कवळ्यांचं प्लास्टर कालवायचं आणि चहाही तिथेच व्हायचा. थोरले डॉक्टर गेले, खुर्च्या नव्या आल्या, बाकं तीच राहिली. श्यामसुंदर हाताचे हुशार होते आणि खर्चाच्या बाबतीत त्याहून हुशार होते. बाहेर पेशंट नसला तर पंखा बंद, आणि पेशंट एकच असला तर त्याला पंख्याखाली बसायला सांगायचं. मासिकं इतकी जुनी की मुखपृष्ठावरच्या नटीला आता नातवंडं असावीत.

शिबिरातल्या गुरूने त्यांना एक मंत्र दिला होता. लहान व्यवसायात मालक आपली ध्येयं आणि आपले आकडे मनात ठेवतो, म्हणून नोकर नोकरच राहतो. त्याला सगळं सांगा. आपल्याला कुठे जायचंय ते सांगा, महिन्याला किती आले, किती गेले ते सांगा, कोण किती काम करतं तेही उघड मांडा. मग तो मालकासारखा वागेल. डॉक्टरांना हे फार पटलं. मालकासारखं वागायचं म्हणजे नेमकं कोणासारखं, हे त्या गुरूने सांगितलं नव्हतं, आणि समोर बसलेल्या मालकांना ते विचारावंसं वाटलं नसावं.

पहिल्या शनिवारी दुपारी बैठक झाली. फळ्याजवळ डॉक्टर, त्यांच्या शेजारी हिशोब बघणाऱ्या त्यांच्या पत्नी हेमाताई, आणि समोर बाकावर तीन माणसं. फोन आणि वेळा सांभाळणारी वासंती, कवळ्या आणि एक्स-रे बघणारा मुळशीकडचा दत्तोबा, आणि थोरल्या डॉक्टरांच्या काळापासूनची अमिनाबी. अमिनाबी खरं तर बाकावर नव्हती. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती, कारण चार वाजले होते आणि चार वाजता त्या दवाखान्यात चहा येत असे. आलं ठेचून घातलेला, भरपूर दुधाचा, सोबत खारी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि कोणी म्हातारा पेशंट सोबत म्हातारी घेऊन आला तर तिलाही.

डॉक्टरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, वारजे. वारज्याला दुसरा दवाखाना काढायचा, गुढीपाडव्याला मुहूर्त. तिथे नव्या सोसायट्या आहेत, कमावती जोडपी आहेत, त्यांच्या मुलांचे दात वाकडे आहेत. हे आपल्या सगळ्यांचं ध्येय, असं ते म्हणाले. तिथला सगळा कारभार वासंतीताईंनी बघावा असं माझ्या मनात आहे, असंही म्हणाले.

वासंती त्या रात्री नीट जेवलीसुद्धा नाही, इतकी खूश होती. ती वारज्यालाच राहायची. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून तो घरी बसून बातम्या बघत असे आणि सरकार कसं चालवायचं ते तिला सांगत असे. दोन बस बदलून ती पेठेत यायची, दोन बस बदलून परत जायची, आणि महिनाअखेर कोणाकडे तरी हात पसरायची. वारज्याचा दवाखाना झाला तर चालत जाता येईल, काचेचं टेबल असेल, टेबलावर आपल्या नावाची पाटी असेल. पन्नाशीला आलेल्या बाईला पहिल्यांदाच कोणी तरी पुढचं काहीतरी दाखवलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून फळ्यावर नावं आली. वासंतीच्या नावापुढे तिने फोन करून बोलावलेल्या पेशंटांचा आकडा. दत्तोबाच्या नावापुढे त्याने केलेल्या कवळ्या. अमिनाबीच्या नावापुढे काय लिहावं हे दोन दिवस ठरेना. ती उपकरणं उकळायची, खुर्ची पुसायची, कापूस द्यायची, पण हे मोजणार कसं. मग हेमाताईंना सुचलं की पेशंट खुर्चीवर किती वेळ असतो ते तिच्या नावावर लिहावं, कारण वेळ लागतो तो तिच्यामुळेच.

ते खोटं नव्हतं. दात काढायच्या आधी अमिनाबी पेशंटचा हात हातात घ्यायची. सुईकडे बघून घाम फुटलेल्या माणसाला ती विचारायची, काल जेवायला काय केलं होतं, मुलगी कितवीत आहे, लग्न कुठल्या गावात झालं. तो सांगायला लागायचा, ती ऐकायची, आणि तो व्याह्यांच्या मानपानावर येईपर्यंत इंजेक्शन होऊन गेलेलं असायचं. थोरले डॉक्टर म्हणायचे, दात मी काढतो, भीती ही काढते. अर्ध्या पेठेतली पोरं तिचा हात धरून मोठी झाली होती. खुद्द श्यामसुंदर शाळेत असताना त्यांचा किडका दुधाचा दात वडिलांनी काढला, तेव्हा ते तिच्याच मांडीवर बसले होते आणि तिच्या हाताला चावले होते. फळ्यावर या सगळ्याला मिनिटं म्हणत, आणि ती लाल शाईत लिहीत.

तिला सांगण्यात आलं की हात धरायचा तर धरा, पण बोलायचं नाही. तिने तसं करून बघितलं. गप्प बसलेली बाई हात धरून बसली की पेशंट अधिकच घाबरायचा. त्यानंतर तिने हातही धरला नाही. खुर्चीचा वेळ कमी झाला. दारापर्यंत ओरडणं ऐकू यायला लागलं आणि बाहेरच्या बाकावरची एक-दोन माणसं परत जायला लागली, पण ओरडण्याचा रकाना फळ्यावर नव्हता.

पावसाळा संपला तरी वारज्यासाठी ठरलेला कमाईचा आकडा गाठला जाईना. वासंती जीव तोडून फोन करत होती. जुन्या पेशंटांच्या दाढा तिला तोंडपाठ झाल्या होत्या. रस्त्यात कोणी भेटलं तरी ती आधी तोंडाकडे बघायची. एका शनिवारी डॉक्टर म्हणाले की आता अर्धवट पारदर्शकता पुरे, घरच्या माणसांपासून लपवायचं काय. त्यांनी खर्चाची बाजूही फळ्यावर मांडली. भाडं, वीज, औषधं, आणि खाली तिघांचे पगार. स्वतःचा आणि हेमाताईंचा आकडा त्यांनी मांडला नाही. ते भांडवल असतं, पगार नसतो, असं गुरूने सांगितलं होतं म्हणे.

वासंतीचा पगार साडेनऊ हजार होता. ते तिला माहीत होतं. दत्तोबाचा तेवढाच होता. अमिनाबीचा अकरा हजार होता.

वासंतीने तो आकडा पुन्हा वाचला. मग खाली बघून पर्स उघडली, बंद केली. आपण बी. कॉम. झालो, इंग्रजीत फोन घेतो, कॉम्प्युटर शिकलो. ही अमिनाबी एकेक अक्षर जुळवत सही करते. ती भांडी उकळते. अपमान झाला की काही माणसं रडतात, काही भांडतात. वासंती त्या दोन्हींतली नव्हती. ती हिशोब करायला बसली, आणि तिच्या हिशोबात किती वर्षांचे दीड-दीड हजार साठले हे बघून तिचे कान तापले.

या दोघी कित्येक वर्षं मागच्या खोलीत एकाच स्टुलावर डबे ठेवून जेवत होत्या. वासंतीच्या डब्यातली मेथी अमिनाबीला आवडायची, अमिनाबीच्या डब्यातली खिचडी वासंतीला. रोज्यांच्या महिन्यातही अमिनाबी जेवणाच्या वेळी समोर येऊन बसायची, वासंतीने एकटीने जेवू नये म्हणून. तिचा मुलगा जब्बार खडकीच्या कारखान्यात होता. खडकीतलंच दोन खोल्यांचं घर सून कमरजहां चालवायची, आणि चांगलं चालवायची. तिथे अमिनाबीच्या वाट्याला दाराजवळची खाट आणि गप्प बसणं आलं होतं. एकदा जेवताना ती म्हणाली होती की घरी मी कोणाच्या तरी खोलीत बसते, इथे माझी खोली आहे. वासंतीला त्या वेळी वाईट वाटलं होतं. पगार फळ्यावर आले त्याच्या पुढच्या सोमवारी मात्र तिने डबा आपल्या टेबलावरच उघडला. अमिनाबी स्टुलावर वाट बघून एकटी जेवली, आणि चार वाजता रोजच्यासारखा चहा घेऊन आली. वासंतीने तो घेतला. बोलणं सोडलं होतं, चहा सोडायचं काही कारण नव्हतं.

एकांतात विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण गुरूचा नियम होता की जे काही आहे ते सगळ्यांसमोर बोलायचं, मागे कुजबुजायचं नाही. असले नियम ज्यांना दुसऱ्याला चारचौघांत उभं करायचं असतं त्यांच्या फार सोयीचे असतात. पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का, आणि वासंती उभी राहिली. अमिनाबी तेव्हा कपांत चहा ओतत होती.

"अमिनाबी, तुम्ही माझ्यापेक्षा दीड हजार जास्त घेता," वासंती म्हणाली. "त्या दीड हजारात असं काय करता, जे मी करत नाही? आम्हालाही कळू दे."

अमिनाबीने हातातला कप भरला. मग किटली खाली ठेवून तिने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर फळ्याकडे बघत होते. तिने हेमाताईंकडे बघितलं. हेमाताई पेनाला टोपण लावत होत्या आणि ते काही केल्या नीट बसत नव्हतं.

"चहा गार होतोय, वासंती," अमिनाबी म्हणाली. "आधी घे."

दत्तोबा हसला. मग वासंतीही हसली, आणि तिच्या हसण्यात जी धार होती ती तिला स्वतःलाच आवडली. उत्तर नसलं की माणसं चहा पाजतात, असं ती म्हणाली. डॉक्टरही थोडं हसले. हेमाताईंनी आपला कप उचलला.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी त्यांनी बहुधा शिबिराची फी भरली होती. तुम्ही मालक असता तर आज काय केलं असतं? तोंड बघून नाही, आकडे बघून सांगा. दत्तोबाने आधी घसा साफ केला. दुसऱ्याच्या घराची कौलं काढायची तर शिडी धरायला तो नेहमी तयार असे.

"माझं काय म्हणणं न्हाई," तो म्हणाला. "पण आकडा हाय तो हाय."

वासंती त्याच्या पुढे गेली. ती म्हणाली की उपकरणं उकळायचं यंत्र आता बटणावर चालतं, ते मी आणि दत्तोबा मिळून बघू. माणूस कमी केला तर वारजे पाडव्याला नक्की होतं. हे बोलताना तिचा आवाज अगदी हेमाताईंसारखा येत होता, थंड आणि समजूतदार. मालकासारखं वागणं कोणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्याचा पगार दिसला की ते आपोआप येतं.

डॉक्टरांनी हात वर करायला सांगितले. वासंतीचा वर गेला, दत्तोबाचा गेला. अमिनाबीच्या हातांत ट्रे होता. डॉक्टर म्हणाले की हा निर्णय माझा नाही, सगळ्यांचा आहे, आणि मी त्याचा मान राखतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नोकरांच्या म्हणण्याचा मान राखला.

अमिनाबी एकदाच त्यांच्या खोलीत गेली. पगार कमी करा, हवा तेवढा कमी करा, पण मला येऊ द्या, असं ती म्हणाली. सकाळी घरातून निघायला काहीतरी हवं, एवढंच कारण तिने दिलं. डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग समजावलं की सगळ्यांनी मिळून ठरवलेलं मी एकट्याने फिरवलं तर पारदर्शकता कसली. तुम्हीच सांगा, असं ते म्हणाले. ती कशाला सांगेल? ज्याने तिच्या हाताला चावा घेतला होता, त्याला ती आता समोरून बघत होती, आणि त्याच्या तोंडात सगळे दात आले होते. ती उठली आणि बाहेर जाऊन खुर्ची पुसायला लागली.

निरोप समारंभ झाला. गरज सरो नि वैद्य मरो असं म्हणतात. इथे वैद्य धडधाकट होता आणि त्यानेच शाल घातली. पेढे आले. डॉक्टरांनी भाषण केलं, त्यात कुटुंब हा शब्द बऱ्याच वेळा आला. दत्तोबाने फोटो काढला, त्यात सगळे हसताहेत आणि अमिनाबी शालीची घडी मोडू नये म्हणून हात अवघडून उभी आहे. मग ती मागच्या खोलीत गेली. शेवटचा चहा तिने केला, सगळ्यांना दिला, आणि भांडी घासून ती आपल्या कापडी पिशवीत भरायला लागली.

वासंती दारात उभी होती, तिच्या मागे दत्तोबा. आता ती मालकासारखी बघत होती, आणि मालकाला आधी पिशवी दिसते.

"ते पातेलं दवाखान्याचं नाही ना?" तिने विचारलं.

अमिनाबीने पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं. पातेलं होतं, किटली होती, गाळणी होती. साखरेचा डबा, पत्तीचा डबा, आलं ठेचायचा छोटा खलबत्ता. वासंतीने एकेक वस्तू हलवून बघितली. गाळणीसुद्धा, असं ती पुटपुटली, म्हणजे अमिनाबीला नीट ऐकू जाईल इतपत पुटपुटली. तेवढ्यात मागून हेमाताई आल्या आणि म्हणाल्या की जाऊ द्या हो, घेऊ देत त्यांना, एवढ्या वर्षांचं माणूस. वासंतीला वाटलं, बाई मनाने मोठी आहे. अमिनाबीने पिशवी बंद केली, वासंतीच्या दंडाला हात लावला, जशी ती पेशंटला लावायची, आणि जिना उतरून गेली. वासंतीने नंतर दंड झटकला, उगाचच.

महिन्याच्या एक तारखेला हेमाताईंनी वासंतीला आत बोलावून सांगितलं की तुमचा पगार आता अकरा हजार. वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं कोणी न्याय दिला नव्हता, तो आता मिळाला. घरी जाताना तिने नवऱ्यासाठी बाकरवडी घेतली. त्याला तिने सांगितलं की उघड बोललं की मिळतं, आणि एकदाचा तो टीव्ही बंद करून तिच्याकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशीही सकाळचा चहा आला नाही. अमिनाबी जाऊन चार दिवस झाले होते. तोवर दत्तोबा खालच्या टपरीवर जात होता, आणि डॉक्टर घरून थर्मास आणत होते. चार वाजता दत्तोबाने वासंतीच्या टेबलाशी येऊन विचारलं की आता हे असंच चालणार का. वासंतीने त्याला सांगितलं, मी बघते. तिला तसं बोलायची आता सवय झाली होती. ती आत गेली आणि हेमाताईंना म्हणाली की दवाखान्याच्या चहाचं काय ते एकदा ठरवून टाका, दूधवाल्याला कोण पैसे देतं ते मला माहीत नाही, पण त्याला सांगायला हवं.

हेमाताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

"अहो, दूधवाला कुठला?" त्या म्हणाल्या. "अमिनाबी आणायच्या सगळं. सासऱ्यांनी चहाचे म्हणून त्यांच्या पगारातच धरून दिले होते. तेच आता तुमच्या पगारात धरलेत. उद्यापासून तुम्ही बघा."

वासंती तिथेच उभी राहिली. दीड हजार. दोन वेळचा चहा, पाच माणसं, वर येणारे जाणारे, रोजची खारी. थोरल्या डॉक्टरांच्या वेळी दूध काय भावाने मिळत होतं कोण जाणे, आज त्या दीड हजारात दूधसुद्धा महिनाअखेरपर्यंत पुरलं नसतं. पत्ती, साखर, आलं, खारी हे सगळं ती बाई आपल्या पदरचं घालत होती, म्हणजे तिचा खरा पगार वासंतीपेक्षा कमी भरत होता. आणि त्या शनिवारी, सगळ्यांसमोर, ज्या चहाबद्दल तिला विचारलं जात होतं तोच चहा ती कपात ओतत होती. ती एक वाक्य बोलली असती तर वासंतीला तोंड लपवायला जागा राहिली नसती. ती बोलली नाही. पाजलेल्या चहाचा हिशोब पिणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा नसतो, असं तिच्या घरात शिकवतात, आणि खरं तर आपल्याही घरांत शिकवतात. शिवाय डॉक्टर बोलतील असं तिला वाटलं असणार. आपण पाजलेला चहा हातात धरून बसलेलं माणूस आपल्या बाजूने एवढं तरी बोलेल, ही तिची चूक झाली.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?" वासंतीने विचारलं.

"विषय तुम्ही काढला होता," हेमाताई म्हणाल्या. "मध्ये कशाला बोलायचं."

वासंती खाली उतरली. तिने दूध घेतलं, पत्ती घेतली, साखर घेतली, आणि भांड्यांच्या दुकानात जाऊन पातेलं आणि गाळणीही विकत घेतली. गाळणी हातात घेतल्यावर तिला रडू आलं. दुकानदाराने दुसरी दाखवू का म्हणून विचारलं. त्या संध्याकाळी खडकीला जावं, पाया पडावं, असं तिच्या मनात आलं. बसस्टॉपपर्यंत ती गेलीही. पण जाऊन म्हणायचं काय? चुकलं म्हणायचं, तर मग जागा परत दे असं कोणाला सांगायचं? जागा तर आता आपल्या पगारात आली होती. वारज्याची बस आली आणि ती तिच्यात चढली.

चहा ती करायला लागली. दूध कमी घालून, आलं न घालता, खारी फक्त शनिवारी. महिनाअखेरीला तिच्या हातात पूर्वीच्या साडेनऊ हजारांहूनही कमी उरलं. घरी तिने हे सांगितलं नाही. नवऱ्याने शेजाऱ्यांना तिची पगारवाढ कधीच सांगून टाकली होती.

वारजे फळ्यावर होतंच. पाडव्याच्या जागी आता दसरा लिहिलेला होता. नव्या दवाखान्यात इंग्रजी चटपट बोलणारी मुलगी हवी का, असं डॉक्टर एकदा सहज म्हणून गेले होते, पण वासंतीताईंचं नाव अजून माझ्या डोक्यात आहे, असंही त्यांनी जोडलं होतं. तिने तेवढंच ऐकलं.

मग एका शनिवारी पुन्हा सगळे पगार फळ्यावर आले. बैठक सुरू झाली. वासंती किटली घेऊन कप भरत होती. डॉक्टरांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का, आणि दत्तोबा उठला. त्याने सवयीने आधी घसा साफ केला.

"वासंतीताईंचा पगार अकरा हजार, माझा साडेनऊ," तो म्हणाला. "ह्या जास्तीच्या पैशात ताई काय करतात, तेवढं कळू द्या. बाकी माझं काय म्हणणं न्हाई."

वासंतीने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर फळ्याकडे बघत होते. हेमाताईंच्या पेनाचं टोपण आज नीट बसलं होतं.

त्यात चहा आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की दत्तोबा विचारणार, मग त्या म्हातारीच्या पगारातही चहाच होता की काय, आणि तुम्ही तिला चारचौघांत काय विचारलं होतंत. पिशवी तपासताना तो दाराशी होता. अमिनाबी गप्प राहिली ती लाजेने नव्हे, सांगणं शोभलं नसतं म्हणून. वासंतीला तर सांगायची सोयच उरली नव्हती. तिने हातातला कप भरला, बशीत ठेवला आणि दत्तोबापुढे केला.

दत्तोबाने एक घोट घेतला.

"पातळ हाय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी लाल पेन उचललं आणि विचारलं, तुम्ही मालक असता तर आज काय केलं असतं.